समोरच्याचा चेहरा दिसावा म्हणून



या महिन्यात दहावीच्या अभ्यासावर लिहायचं ठरलं होतं. पण टपालात मराठवाड्यातल्या एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आणि तो विषय पुढच्या अंकावर ढकलला. नाव-गाव छापू नका असं तिने बजावलंय, तेव्हा तेवढं सोडून सांगते.

तिचे मिस्टर छत्तीस वर्षांचे. शिलाईचं दुकान आहे. एकोणिसाव्या वर्षी कंबर दुखायला लागली तेव्हा सगळ्यांनी मशीनला दोष दिला. दिवसभर वाकून बसतो, दुखणारच. मग कुणी सांगितलं मणक्यात गॅप आलाय, कुणी सांगितलं नस दबली. मालिश झाली, पट्टा झाला, पुड्या झाल्या, तावीज झाला. पुढे दुखणं थोडं कमी झालं, पण पाठ वाकत गेली. आता ते रस्त्याने चालतात तेव्हा स्वतःच्या पायापुढच्या दोन फरश्या तेवढ्या दिसतात. दुकानात गिऱ्हाईक आलं तर चपलेवरून ओळखतात. जुम्याला मशिदीत जाणं बंद केलंय, कारण लोक बघतात. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात आजाराचं नाव कळलं, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. डॉक्टर म्हणाले की ऑपरेशनने पाठ बरीच सरळ होऊ शकते, पण पायातली ताकद जाण्याचाही धोका आहे, घरी बसून विचार करा.

घरात दोन तट पडलेत. मिस्टर तयार आहेत. सासूबाई म्हणतात, जसा आहे तसा मला हवा, चालता-फिरता मुलगा मी टेबलावर झोपवणार नाही. ही बिचारी मध्ये. तिने लिहिलंय, "आपा, तुम्ही शिकवता, अवघड गोष्ट सोपी करून सांगता. हे ऑपरेशन नेमकं काय करतात? आणि झाल्यावर ते आमच्यासारखी सजदा करून नमाज पढू शकतील का?" शेवटी एक ओळ आहे, जणू सहज लिहिलेली: एकवीस वर्षांच्या धाकट्या दिरालाही आता सकाळी उठताना पाठ धरते.

मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. ऑपरेशन करा किंवा करू नका हे मी सांगणार नाही, तो हक्कच नाही मला. पण डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा ते काय बोलतायत ते समजावं आणि काय विचारायचं ते ठाऊक असावं, एवढं काम शिक्षकाचं आहे.

आधी आजार. हा वाकून काम केल्याने होत नाही. शिलाईमशीन निर्दोष आहे. आपल्या शरीरात बाहेरच्या जंतूंशी लढणारी जी फौज असते, ती काही माणसांत स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते. संधिवाताच्या या प्रकारात हल्ला होतो तो कमरेच्या कण्यावर, आणि त्याआधी कणा व खुब्याची हाडं जिथे जुळतात त्या मागच्या दोन सांध्यांवर. स्नायूबंध हाडाला चिकटतात ती जागा सुजते. सूज येते, उतरते, पुन्हा येते. शरीर ती जखम भरून काढायला बघतं आणि भरण म्हणून नवं हाड घालतं. वर्षानुवर्षं असं झालं की मणक्यांमधल्या मऊ चकत्यांच्या कडेने हाडाचे पूल तयार होतात. सुटे मणके जोडले जाऊन एक अखंड काठी होते. एक्स-रेत ती पेरापेराच्या बांबूसारखी दिसते, म्हणून डॉक्टर त्याला बांबू स्पाइन म्हणतात.

आता ही काठी कुठल्या आकारात घट्ट होते? सूज असते तेव्हा पुढे वाकलं की बरं वाटतं, ताठ व्हायला दुखतं. दोन उशा घेऊन, गुडघे पोटाशी घेऊन झोपावंसं वाटतं. माणूस ज्या आकारात आराम शोधतो, त्याच आकारात कणा कायमचा जुळून जातो. बरगड्या मणक्यांना जिथे जोडलेल्या असतात ते सांधेही आखडतात, म्हणून छाती पुरती फुगत नाही आणि जिना चढताना दम लागतो. आणि दुखणं कमी झालं म्हणजे आजार गेला असं नाही. जुळायचं होतं ते जुळून गेलं, म्हणून दुखायचं थांबलं, असंही असतं.

हा आजार नवा नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस बर्नार्ड कॉनर नावाच्या आयरिश डॉक्टरला फ्रान्समध्ये एक सांगाडा मिळाला होता, त्याचा कणा आणि बरगड्या मिळून एकच हाड झालं होतं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात रशिया, जर्मनी आणि फ्रान्समधल्या तीन डॉक्टरांनी तो नीट लिहून ठेवला. पण वाकलेल्या माणसाला सरळ करण्याची हिंमत व्हायला १९४५ उजाडावं लागलं. अमेरिकेत बोस्टनला स्मिथ-पीटरसन नावाचे हाडांचे सर्जन होते, जन्माने नॉर्वेचे. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर त्या वर्षी एक लेख छापला आणि जुळलेला कणा मुद्दाम कापून सरळ केलेल्या रुग्णांची हकिगत दिली.

कापून? पत्र लिहिणाऱ्या भगिनीच्या सासूबाई हे वाचून मासिक खाली ठेवतील हे मला माहीत आहे. त्यांनी थोडं थांबावं. कल्पना समजायला एक वाकडी काठी घ्या. ती एकाच ठिकाणी सरळ करायची तर दोनच मार्ग आहेत. वाकाच्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे पाठीकडून, पाचरीच्या आकाराचा तुकडा काढायचा आणि ती फट मिटवायची. किंवा आतल्या बाजूने, पोटाकडून, काठी फाकवायची. स्मिथ-पीटरसन यांच्या पद्धतीत मणक्याच्या मागच्या भागातलं हाड काढत आणि मागची फट मिटवताना पुढची बाजू उघडत असे. रुग्ण सरळ होत असे, पण पोटाकडची लांबी एकदम वाढे. कण्याच्या अगदी पुढून शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी, महाधमनी जाते. तरुणात ती लवचिक असते, वय झालेल्यात कडक. ताण पडून ती फाटल्याच्या घटना घडल्या आणि सर्जन मंडळी सावध झाली.

१९८५ साली डेन्मार्कच्या थॉमसन यांनी मांडलेल्या पद्धतीने बरंच चित्र पालटलं. यात पाठीमागूनच शिरून मणक्याच्या मुख्य गट्ट्यातूनही पाचर काढतात. पाचरीचं टोक पोटाकडे, रुंद बाजू पाठीकडे. मग फट मिटवली की पुढची बाजू बिजागरीसारखी जागेवर राहते, लांबत नाही. उलट मागून कणा थोडा आखूड होतो. हाडावर हाड बसतं, म्हणून जुळून येण्याचीही खात्री जास्त. फट मिटवल्यावर वर-खालच्या मणक्यांत स्क्रू घालून दोन सळ्यांनी सगळं बांधून ठेवतात. वाक सारखा पसरलेला असेल तर काही सर्जन एकाच ठिकाणी मोठी पाचर न काढता अनेक मणक्यांत लहान लहान काढतात. कुणाला काय योग्य, ते एक्स-रे आणि सीटी स्कॅन बघूनच ठरतं.

पाचर सहसा कमरेतल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या मणक्यातून काढतात. पाठीचं कुबड वर दिसतं, मग कापायचं खाली का? यात मोठं शहाणपण आहे. मेंदूपासून खाली येणारा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या मणक्याच्या आसपास संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटासारखे सुटे मज्जातंतूंचे धागे असतात. सलग रज्जूपेक्षा हे धागे थोडी हालचाल जास्त सोसतात. शिवाय खाली थोडं फिरवलं की वर खूप फिरतं. एका मणक्याच्या अशा पाचरीतून साधारण ३० अंश मिळतात. आठवीच्या मुलांना मी हे फळ्यावर काढून दाखवेन: कंपासचं टोक कमरेच्या मणक्यावर, पेन्सिल डोक्यावर, मध्ये अंतर ६० सेंटिमीटर धरा. पूर्ण वर्तुळाचा परीघ निघतो सुमारे ३७७ सेंटिमीटर. ३० अंश म्हणजे त्याचा बारावा भाग, म्हणजे डोकं ३१ सेंटिमीटर मागे गेलं. कमरेत बोटभर रुंदीची पाचर, आणि वर फूटभर फरक. माणूस छातीत नाही, कमरेत सरळ होतो. कुबडाचा गोलवा तिथे राहतोच, पण नजर वर येते.

मान जुळून हनुवटी छातीला टेकली असेल तर प्रश्न आणखी अवघड. तिथे मज्जारज्जू पूर्ण आहे, श्वासाच्या नसा आहेत. १९५८ साली अमेरिकेत युरिस्ट यांनी आणि पुढे कॅनडात सिमन्स यांनी हे ऑपरेशन रुग्णाला बसवून, जागं ठेवून, फक्त जागा बधिर करून केलं. कारण असं की मान मागे नेताना रुग्ण बोलत राहील, हातपाय हलवत राहील आणि काही बिनसलं तर लगेच कळेल. त्या टेबलाजवळच्या माणसांचं काळीज कसलं असेल! आता नसांमधून जाणारे विजेचे बारीक संदेश ऑपरेशनभर यंत्रावर बघतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी रुग्णाला पूर्ण भूल देता येते. कमरेच्या ऑपरेशनातही हीच पहाऱ्याची सोय असते. शंका आली तर काही ठिकाणी भूल हलकी करून रुग्णाला पावलं हलवायला सांगतात, त्याला वेकअप टेस्ट म्हणतात. तुमच्या सर्जनला पहिला प्रश्न हाच विचारा: ऑपरेशन चालू असताना नसांवर नजर ठेवण्याची यंत्रणा तुमच्याकडे आहे का, आणि ती बघणारा माणूस कोण?

भुलेचाही वेगळा प्रश्न असतो, तो घरचे लोक विचारायला विसरतात. भूल देताना घशातून श्वासनलिकेत नळी घालायची तर मान मागे करावी लागते. इथे मान हलतच नाही. मग भूलतज्ज्ञ रुग्ण जागा असतानाच, घसा बधिर करून, टोकाला कॅमेरा असलेल्या लवचिक दुर्बिणीवरून नळी आत सरकवतात. छाती फुगत नसल्याने फुप्फुसांची ताकद आधी मोजतात, हृदय तपासतात. आणि वाकलेल्या माणसाला पालथं झोपवायचं कसं, हेही एक कोडंच. त्यासाठी टेबल मध्ये वाकवून, छातीखाली आणि कमरेखाली गाद्या रचून सोय करतात आणि पाचर काढून झाल्यावर टेबल हळूहळू सरळ करतात, तशी फट मिटत जाते.

किती वाकलेल्या माणसापर्यंत हे विज्ञान पोहोचलंय, याचं एक उदाहरण २०१९ साली जगभरच्या वर्तमानपत्रांत आलं होतं. चीनमधल्या हुनान प्रांतातला एक गरीब घरातला माणूस. १९९१ मध्ये, अठराव्या वर्षी, हाच आजार सुरू झाला. पैशाअभावी इलाज झाला नाही. वाकता वाकता शेवटी त्याचा चेहरा स्वतःच्या मांड्यांना भिडला. घडी घातलेल्या कागदासारखं शरीर. खाणं, पिणं, झोपणं, सगळं त्याच घडीत. सत्तरी ओलांडलेली आई त्याला सांभाळत होती. शेंझेन विद्यापीठाच्या रुग्णालयात ताओ हुईरेन या सर्जनांनी आणि त्यांच्या चमूने चार टप्प्यांत त्याच्यावर ऑपरेशनं केली. शरीर इतकं मिटलेलं होतं की कण्यापर्यंत पोहोचण्याआधी मांडीची हाडं कापून वाट करावी लागली. मग मान, मग पाठ-कंबर, आणि शेवटी कृत्रिम खुबे. छेचाळीस वर्षांचा तो माणूस आधाराची चौकट धरून उभा राहिला आणि त्याला आईचा चेहरा समोरून दिसला.

हे उदाहरण आशा वाटावी म्हणून दिलं, पण त्यावरून आपला हिशेब करू नका. तो लाखांत एक असा रुग्ण होता, आणि मोठ्या विद्यापीठाचं अख्खं रुग्णालय त्याच्यामागे उभं होतं. त्यातून एक गोष्ट मात्र आपल्याला उपयोगी आहे: खुबे. या आजारात खुब्यांचे सांधेही अनेकांचे जातात. खुबा वाकलेल्या स्थितीत जुळला तर माणूस पुढे झुकलेला दिसतो आणि सगळा दोष पाठीला मिळतो. काहींना नुसता कृत्रिम खुबा बसवून बराच फरक पडतो, काहींना दोन्ही लागतं. आधी पाठ की आधी खुबा, यावर सर्जनांतही एकमत नसतं. म्हणून दुसरा प्रश्न: यांच्या वाकण्यात पाठीचा वाटा किती आणि खुब्यांचा किती?

आता सजद्याचं. या भगिनीला मी गोड बोलून फसवणार नाही. ऑपरेशनने कणा सरळ होतो, लवचिक होत नाही. जुळलेले मणके जुळलेलेच राहतात, उलट सळ्यांनी आणखी पक्के होतात. काठी वाकडी होती, ती सरळ काठी झाली, एवढंच. आपण करतो तसा पाठ वाकवून रुकू किंवा जमिनीवर सजदा बहुधा जमणार नाही. खुर्चीवर बसून, इशाऱ्याने नमाज अदा करावी लागेल, आणि आजाऱ्यासाठी ती सवलत आपल्या दीनने दिलेलीच आहे. मग मिळतं काय? कियाममध्ये ताठ उभं राहता येईल. सलाम फेरताना मान वळत नसली तरी शेजारचा माणूस निदान डोळ्यांच्या कोपऱ्यात येईल. पाठीवर सरळ झोपता येईल. ज्याला वीस वर्षं उशांच्या ढिगाऱ्यावर कुशीला झोपावं लागलंय त्याला विचारा ती नेमत काय आहे. पोट दबत नसल्याने जेवण नीट जाईल, श्वास थोडा मोकळा होईल. पोटाच्या घडीत घाम साचून कातडी चिघळते, ते थांबेल. रस्ता ओलांडताना समोरून येणारी मोटार दिसेल.

आणि एक उलटी गोष्टही ऐकून ठेवा. जास्त सरळ करणंही वाईट. मान जुळलेली असताना नजर फार वर गेली तर माणसाला जिन्याच्या पायऱ्या दिसत नाहीत, ताटातला घास दिसत नाही, रेहलवरचा कुरआन दिसत नाही, वुजू करताना स्वतःचे पाय दिसत नाहीत. म्हणून जाणते सर्जन नजर किंचित खालीच ठेवतात. कपाळापासून हनुवटीपर्यंतची रेषा उभ्या रेषेशी किती कोन करते तो कोन ते मोजतात आणि आधीच ठरवतात. तेव्हा रुग्णाने स्वतःच्या दिवसाबद्दल सांगायला हवं. शिंप्याचं काम पुढे झुकलेल्या नजरेचं आहे, हे सर्जनला कुणी सांगितलं नाही तर त्यांना कसं कळणार?

धोका किती? पायातली ताकद जाणं हा सर्वांत मोठा धोका आणि तो खरा आहे, भीती घालायला सांगितलेला नाही. अनेकदा नसेला तात्पुरता धक्का बसतो आणि काही महिन्यांत ताकद परत येते, पण कायमचं नुकसानही होऊ शकतं. रक्त बरंच जातं, बाटल्यांची तयारी ठेवावी लागते. मज्जातंतूंवरचं आवरण फाटणं, जखमेत जंतू होणं, हाड ठिसूळ असल्याने स्क्रू सैल होणं, हाड न जुळल्याने पुढे सळी तुटणं, हेही होतं. तंबाखू-बिडी असेल तर हाड जुळायला वेळ लागतो, फुप्फुसंही साथ देत नाहीत. मिस्टरांना तंबाखूची सवय असेल तर ती ऑपरेशनच्या तारखेच्या कितीतरी आधी सुटली पाहिजे, ही अट घरातूनच घाला. तिसरा आणि चौथा प्रश्न कागदावर लिहून न्या: या आजाराच्या किती रुग्णांवर तुम्ही स्वतः असं ऑपरेशन केलंय, आणि त्यांतल्या कितीजणांना पायाचा त्रास झाला? चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही. रागावला तर दुसरं मत घ्या. तसंही, रागावला नाही तरी घ्या, कारण हे घाईचं ऑपरेशन नाही. नसा दबत नसतील आणि कुठे हाड मोडलेलं नसेल तर दोन महिने विचार करायला जागा असते.

सासूबाईंच्या बाजूनेही दोन शब्द बोलायला हवेत, कारण घरात त्यांना सगळे अडाणी ठरवत असतील. चालता-फिरता मुलगा पणाला लावायचा नाही, हा आईचा हिशेब चुकीचा नाही. वाक थोडा असेल, माणूस समोर बघू शकत असेल, काम-धंदा चालत असेल, तर सर्जनसुद्धा ऑपरेशनला नको म्हणतात. ऑपरेशनचा विचार होतो तो नजर समोर जात नाही, उभं राहून थकवा येतो, पोट दबतं, जगणं आखडत जातं तेव्हा. मग सासूबाईंनी विचारायचा प्रश्न असा आहे: तो "जसा आहे तसा" खरंच राहणार आहे का? दुकानातून घरी येताना गाडीखाली येण्याची भीती, मशीद सुटणं, लोकांत न मिसळणं, हेही धोकेच आहेत, फक्त ते हळू येतात. त्यांना डॉक्टरांकडे सोबत न्या. ऑपरेशन टेबलावरच्या माणसाच्या आईला बाहेरच्या बाकावर बसवून निर्णय सांगायचा नसतो.

पैशाचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ज्या रुग्णालयांत चालते तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. शिधापत्रिका आणि आधार घेऊन त्यालाच विचारा की हे ऑपरेशन, सळ्या-स्क्रूंसह, योजनेत बसतं का, आणि बसत नसेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागातून काय मिळू शकतं. दिव्यांग प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढा. दोन हजार सोळाच्या कायद्यानुसार ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व प्रमाणित झालं तर बऱ्याच सवलतींचं दार उघडतं. यात लाज कसली? आमच्या वर्गातसुद्धा पाठ वाकलेल्या माणसाची नक्कल होते, आणि गोष्टींतली चेटकीण बघावी तर नेमकी कुबडीच. मुलं ते कुठून शिकतात हे शोधायला फार लांब जावं लागत नाही.

ऑपरेशन झालं किंवा न झालं तरी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने पाठ करावी. जुळलेला कणा काचेच्या नळीसारखा असतो. मोरीत पाय घसरला, खुर्चीवरून उठताना तोल गेला, एवढ्यानेही तो मोडू शकतो, आणि मोडला की नसांना इजा होते. पडल्यानंतर नवं दुखणं सुरू झालं, किंवा पाठ अचानक "थोडी सरळ झाली" असं वाटलं, तर तो आनंद नसून धोक्याची खूण असू शकते. लगेच दवाखान्यात, आणि हे जुळलेल्या मणक्याचे रुग्ण आहेत हे आधी सांगायचं. उचलताना मान बळेच उशीवरून खाली करायची नाही, नेहमीच्या वाकातच आधार द्यायचा. आणि पाठीवर पाय देणारे, मान कडकन वाजवणारे, "एका झटक्यात मोकळं करतो" म्हणणारे यांच्या दारात या आजाराच्या माणसाने पाऊल टाकू नये. संधिवाताच्या बिननावाच्या पुड्याही बंद. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवस बरं वाटतं आणि आतून हाड भुसभुशीत होतं.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येते, जी या पत्रातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. एकवीस वर्षांचा दीर.

साधी कंबरदुखी काम केल्यावर वाढते आणि पडून राहिलं की उतरते. ही उलटी असते. पडून राहिलं की वाढते, हालचाल केली की उतरते. पहाटे दोन-तीनला पाठदुखीने जाग येणं, सकाळी उठल्यावर अर्धा तास, तासभर पाठ लाकडासारखी असणं, दुखणं कधी उजव्या कुल्ल्यात तर कधी डाव्या, टाच दुखणं, एक डोळा लाल होऊन उजेड न सोसणं. ही लक्षणं चाळिशीच्या आत सुरू होऊन तीन महिन्यांवर टिकली, तर मालिशवाल्याकडे नव्हे, संधिवाततज्ज्ञाकडे जायचं. डोळा लाल झाला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी. सख्ख्या भावाला हा आजार असेल तर शक्यता आणखी वाढते. एचएलए-बी२७ नावाची रक्ताची तपासणी असते, या खुणेचा आणि आजाराचा संबंध १९७३ साली कळला. पण ती पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरायचं नाही, ही खूण असलेल्या बहुतेकांना आजार कधीच होत नाही. आणि निगेटिव्ह आली म्हणून सुटलो असंही नाही. सुरुवातीला एक्स-रे साफ येतो, तेव्हा एमआरआयमध्ये सूज दिसू शकते. मुलींनाही हा आजार होतो. त्यांच्या बाबतीत "घरकामाने दुखतं" म्हणून आणखी उशीर होतो, हेही लिहून ठेवते.

लवकर कळलं तर इलाज आहे. सूज उतरवणाऱ्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्या लागतात. त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला जपून द्याव्या लागतात, म्हणून रमजानमध्ये सहरी-इफ्तारची वेळ कशी धरायची ते आधीच विचारून घ्यावं. त्यांनी भागलं नाही तर सूज घडवणाऱ्या रसायनालाच अडवणारी इंजेक्शनं आहेत. ती देण्याआधी छुपा क्षय आहे का हे तपासतात, आपल्या देशात तर ती तपासणी टाळूच नये. भारतात तयार होणाऱ्या याच जातीच्या औषधांमुळे किंमत पूर्वीपेक्षा उतरली आहे, तरी साध्या घराला ती जड जाते. झालेलं हाड ही औषधं परत विरघळवत नाहीत. म्हणून ती मोठ्या भावापेक्षा धाकट्याच्या जास्त कामाची.

आणि व्यायाम. रोज, आयुष्यभर. पाठ मागे नेण्याचे, मान वळवण्याचे, खोल श्वासाचे, पोहता येत असेल तर पोहण्याचे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्यायचे. कडक अंथरूण, पातळ उशी, दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं पालथं झोपणं. भिंतीला टाच, कुल्ला, खांदे लावून उभं राहायचं आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकते का ते बघायचं. टेकत नसेल तर अंतर पट्टीने मोजून तारखेसह वहीत लिहून ठेवायचं, दर महिन्याला. डॉक्टरांना ही वही दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगते.

बहिणी, मिस्टरांच्या ऑपरेशनला विचार करायला दोन महिने घ्या. दिराला मात्र या आठवड्यात घेऊन जा.